घरी आणि प्रवासात

दुकानात तो सेट एकच उरला होता, आणि त्यावर दोन हात एकदम पडले. एक माझा. दुसऱ्याच्या नखांत पांढरी भुकटी अडकलेली.

"तुम्ही घ्या," तो म्हणाला. पण हात काही उचलेना.

"छे, तुम्हीच घ्या," मी म्हणाले. माझाही हात तिथंच.

दुकानदारकाका काउंटरवर कोपर टेकून मजा बघत होते. "अर्धा-अर्धा बांधून देऊ का?"

वस्तूच तशी होती. तळहाताएवढा चपटा डबा. घरी टीव्हीला जोडला की मोठ्या पडद्यावर सिनेमा, आणि प्रवासाला निघालं की सोबतचा छोटा पडदा मांडीवर उघडायचा. नेट नसलं तरी चालतं, सगळं आत भरून ठेवायचं. मी विजेच्या मनोऱ्यांसाठी जमिनीची मोजणी करायचे. महिन्यातले बरेच दिवस तंबूत, जिथं फोनला रेंज मिळणं म्हणजे चैन. मला तो हवाच होता.

"तुमचा बराच प्रवास असतो का?" मी विचारलं.

"माझा? मी घराबाहेरच पडत नाही." तो हसला. "दातांच्या कवळ्या बनवतो, घरीच. हा वडिलांसाठी. अर्धांगवायू झालाय, पडून असतात."

"मग तो मोठा घ्या की, घरात ठेवायचा. आवाज छान आहे त्याचा."

 छोट्या पडद्याची कड बोटानं चाचपत तो म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, ते आता कुठं जायचे नाहीत. पण घरात प्रवासाची एखादी वस्तू असावी... असं आपलं वाटलं."

माझा हात आपोआप उचलला गेला.

"फुकट नाही घेणार हं," तो म्हणाला. "बदल्यात एक सल्ला देतो. तुमचा वरचा सुळा वाकडा आहे. कुणी कितीही सांगितलं तरी सरळ करून घेऊ नका."

मी हसले, आणि पटकन तोंडावर हात धरला.

"झालं! आता हसूच दिसेना."

माझ्यासाठी दुसरा सेट मागवायचा म्हणून काकांनी नाव विचारलं. हा शांतपणे म्हणाला, "वाकडेबाई लिहा." काकांनी लिहिलंसुद्धा.

माझा सेट आल्यावर, त्यानं वडिलांसाठी जमवलेले सिनेमे त्यात भरून घ्यायला मी त्याच्या घरी गेले. तिसरा मजला, अरुंद जिना. बाहेरच्या खोलीत काम चालायचं... मेणाचा वास, आणि फळीवर ओळीनं मांडलेले प्लॅस्टरचे जबडे.

"हे सगळे आ वासून का बघतायत?"

"तुम्ही आलात म्हणून," तो मान वर न करता म्हणाला.

आतल्या खोलीत बाबा होते. उभा जन्म त्यांनी लांब पल्ल्याची बस चालवली होती. आजारानंतर 'हं', 'नाही', 'जा' असे तीन-चार शब्द कसेबसे उरले होते. मुलानं हौसेनं लावलेला एकही सिनेमा त्यांना रुचला नव्हता. भिंतीकडं तोंड करून पडायचे.

त्या दिवशी माझ्या डब्यातलं चुकून भलतंच सुरू झालं. कामासाठी जीपच्या काचेतून केलेलं चित्रण होतं. नुसता रस्ता. गाणं नाही, गोष्ट नाही. मी बंद करायला उठले, तेवढ्यात पडद्यावर एक अवघड वळण आलं, आणि चादरीखाली बाबांचा उजवा पाय पुढं सरकला.

दारात तो उभा होता, त्याच्या हातातली कवळी खाली पडली.

"ब्रेक," तो पुटपुटला. "अरे बापरे... बाबांनी ब्रेक मारला!"

मग मी बाबांसाठी रस्ते आणू लागले. जीपच्या पुढच्या काचेला फोन लावायचा आणि मध्येमध्ये बोलायचं – "बाबा, पुढं खड्डा आहे, सांभाळा हं." "बाबा, म्हशी आल्या, हॉर्न द्या." परतले की आम्ही तिघं मिळून बघायचो. बाबांचा पाय चालायचा, आणि आम्ही दोघं पायाकडं बघत, मध्येच एकमेकांकडं... मग पुन्हा पायाकडं.

एकदा त्या चित्रणात माझाच आवाज आला, "बाबा, तुमच्या मुलाला सांगा, इथं चांदणं पडलं की झोप येत नाही."

त्याचे कान लाल झाले. "बाबांना काय करायचंय तुमच्या चांदण्याचं?"

"ज्याला कळायचं त्याला कळलं."

त्या संध्याकाळी तो मला सोडायला जिन्यापर्यंत आला. माझ्या गालावर अलगद हात ठेवला. हाताला मेणाचा वास होता.

"वाकडेबाई... यावेळी जाऊ नकोस ना."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. जाऊ नकोस असंही त्यानंतर पुन्हा कधी म्हणाला नाही. मी दुसऱ्या दिवशीची गाडी सोडली, परवाची घेतली.

पुढं वर्षभरानं साहेबांनी मला बोलावून घेतलं. परदेशात मोठं काम निघालं होतं. तीन वर्षं, आणि तुकडीची प्रमुख मी. मी थेट त्याच्याकडं गेले. त्यानं आधी अभिनंदन केलं. मग लखलखीत घासून झालेला एक दात पुन्हा घासायला घेतला.

"चल ना माझ्याबरोबर," मी म्हणाले. "बाबांनाही नेऊ."

"त्यांना साधा जिना उतरवता येत नाही गं."

"मग मी साहेबांना 'नाही' कळवते."

"असलं काही करायचं नाही." त्यानं दात खाली ठेवला. "तू इथं बसशील आणि खिडकीबाहेर बघत राहशील. घरात एक माणूस तसं बघत पडलेलं आहे... दुसरं मला नाही बघवणार."

मी पुन्हा आग्रह धरला नाही. कारण मला जायचं होतं. त्याच्यावर जीव जडला होता आणि तरी जायचं होतं.

आतून आवाज आला. "जा."

आम्ही दारात गेलो.

"बघ," तो ओढूनताणून हसला, "बाबासुद्धा सांगतायत, जा म्हणून."

पण बाबा माझ्याकडं बघतच नव्हते. त्यांची नजर मुलावर होती. "जा," ते पुन्हा म्हणाले, सगळा जीव एकवटून. डोळ्यातलं पाणी कानापर्यंत ओघळलं. त्यानं चादरीच्या टोकानं ते पुसलं. "हो बाबा, जाईल हं ती."

ते 'जा' कुणासाठी होतं, हे त्याला कळलं होतं. मला कळलंय हेही त्याला कळलं होतं. पण बापाचे डोळे पुसणाऱ्या त्या माणसाला आणखी काय सांगणार होते मी?

मी गेले. तिकडून रस्ते पाठवत राहिले. "आज बाबांनी गिअर बदलला," असं तो कळवायचा. मग त्याच्या दिवसाला माझी रात्र, माझ्या दिवसाला त्याची... फोन हळूहळू विरळ होत गेले.

दुसऱ्या वर्षी एका सकाळी त्याचा आवाज आला. हवापाण्याचं विचारलं. मग म्हणाला, "बाबा गेले."

"कधी?"

"झाले काही महिने."

 तो बोलत होता – घर खायला उठतं, जेवायला बसलं की घास उतरत नाही, मावशीनं एक स्थळ आणलं होतं... "मी हो म्हटलंय. साधी आहे. चांगली आहे."

"मला का नाही कळवलंस?"

"तू आली असतीस."

"आलेच असते!"

"आणि मग मी तुला परत जाऊ दिलं नसतं."

"नसतं द्यायचं!" मी ओरडले. "एकदा विचारायचंस तरी... माझं मी ठरवलं असतं."

 

"माझं प्रेम होतं तुझ्यावर," तो म्हणाला. "कधी असं सरळ म्हणालोच नाही ना मी?"

"नाही."

"हं. तेवढ्यासाठी केला फोन."

त्याच्याकडं दार वाजलं. "कवळीचं माप द्यायला कुणीतरी आलंय," तो म्हणाला. "ठेवू?"

"ठेव."

त्यानं ठेवला नाही. मीही नाही. दार पुन्हा वाजलं, तेव्हा त्यानं ठेवला.

बाहेर आमचा ड्रायव्हर केव्हापासून हॉर्न देत होता. तुकडीतली माणसं गाडीत बसून माझी वाट बघत होती. मी उठले, तोंडावर पाणी मारलं, आणि बूट घालायला दाराशी बसले. नाडी काही केल्या बांधता येईना.