साडेचारचा पहारा

"तुमच्या घरातलं कोणी युद्धावरून परतलंच नाही, असं आहे का?"

हा प्रश्न मी विचारून दाखवायचा, अशी क्लासमधल्या शेफाली आणि ओवीची पैज होती. मी विचारला. तिथेच चुकलं.

हसणाऱ्यांनी खुशाल हसा. यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. जानेवारीतला तिसरा रविवार, येरवड्यातला आमचा फ्लॅट, बाहेर लख्ख ऊन. जर्मन क्लासच्या चैताली मॅडम दर रविवारी आम्हाला व्हिडिओ कॉलवर तिकडच्या आजी-आजोबांशी बोलायला लावतात. माझ्या वाट्याला हेल्गा आजी. वय सत्त्याऐंशी. घरात एकट्याच.

आपल्याकडे साडेचार. तिकडे दुपारचे बारा.

"माझे वडील," आजी म्हणाल्या. "नौदलात होते. शेवटी शेवटी जहाजांना तेलच उरलं नाही. मग खलाशांच्या हातात बंदुका दिल्या, म्हणाले, आता चिखलात लढा. चालायची सवय नाही, पाय सोललेले. त्यांना एका पुलावर पहाऱ्याला उभं केलं. बदली येईपर्यंत हलायचं नाही."

"मग?"

"बाकीचे माघारी गेले. बदली पाठवायची राहूनच गेली."

तेवढ्यात घंटा वाजली. दोन-दोनच्या जोडीने... आठ टोले. जहाजावर दर चार तासांनी पहारा बदलताना देतात तसे.

मग ओले बूट. ओढत, ओढत...

आजींच्या खुर्चीमागे एक लष्करी कोट येऊन थांबला. चिखलाने माखलेला. आत खलाशाची निळी कॉलर.

चेहरा स्क्रीनच्या वरच राहिला.

"बदली आली का?"

इतका दमलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मी एनसीसीवाली. कॅम्पमध्ये पहारा बदलताना म्हणतो तेच तोंडून गेलं, तेही झोकात, जर्मनमध्ये. "आले. पहारा मी घेतला. तुम्ही जा."

धप्... धप्. बूट उतरवल्याचा आवाज.

"कोणाशी बोलतेस गं?" आजींनी विचारलं.

मागे कोणीच नव्हतं.

पुढच्या रविवारी साडेचारला आठ टोले आमच्या हॉलमध्ये वाजले. फक्त मला ऐकू आले. मी उठले आणि दाराशी जाऊन उभी राहिले. बसताच येईना. थेट साडेआठपर्यंत.

"अभ्यासाला अशी चार तास टिकली असतीस तर!" आई म्हणाली.

पाच रविवार झाले. पाय सुजतात. मोजे काढले की आत चिखल असतो...

काल बाबांना राहवलं नाही. "किती दमलीयेस! जा, बस तू. तुझ्याऐवजी मी..."

मी त्यांचं तोंडच दाबलं.

"आई, तूही ऐक. माझं ठरलंय. दाराशी मीच उभी राहणार. माझी जागा तुम्ही कोणी घ्यायची नाही. मी रडून विचारलं ना, 'बदली आली का?'... तरी 'हो' म्हणायचं नाही."