बाद केलेले पर्याय

कोरियात, पांग्योतल्या एका कंपनीत मिरान अकरा वर्षं सॉफ्टवेअरचे आराखडे करत होती. या खेपेला सहा इस्पितळांची सॉफ्टवेअरं एकमेकांशी जोडायची होती. तिचं म्हणणं, सगळ्यांची माहिती एकाच जागी ठेवावी. तिच्याहून आठ वर्षांनी लहान सहकारी ग्युवन म्हणाला, ज्याची माहिती त्याच्याकडेच राहू द्या. कोणी काय विचारायचं आणि काय उत्तर मिळणार, एवढा एपीआयचा करार पक्का करा. साहेबांनी ग्युवनचा आराखडा उचलला. मिराननं सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या, पण त्या दुपारी ती कोणाबरोबर जेवायला गेली नाही.

तेव्हापासून ती त्या आराखड्यात खोट शोधू लागली. एका सकाळी बसमध्ये तिला ती सापडली. मध्येच नेटवर्क तुटून औषध नोंदवण्याची तीच विनंती दोनदा गेली, तर रुग्णाच्या नावावर एकाच औषधाचे दोन डोस चढतील! उपायही सुचला: दोन मिनिटांच्या आत तशीच विनंती पुन्हा आली, तर टाकून द्यायची. साहेबांसमोर ग्युवनचा चेहरा कसा पडेल, याची चव घोळवतच ती जागेवर बसली.

ग्युवन प्रत्येक निर्णयाची नोंद संगणकावर सगळ्यांसाठी ठेवायचा. काय ठरलं, का ठरलं, कोणते पर्याय बाद केले. मिराननं सतरावी नोंद उघडली.

'प्रत्येक विनंतीला स्वतःचा क्रमांक; तोच क्रमांक पुन्हा आला तरच टाकून देणे. बाद पर्याय: दोन मिनिटांत आलेली तशीच विनंती टाकून देणे. अतिदक्षता विभागात तेवढ्यात दोन खरे डोस दिले जाऊ शकतात.'

तारीख आदल्या दिवसाची. आणि म्हणणं बरोबर होतं. तेच जास्त झोंबलं.

शनिवारी सुवॉनला बहिणीच्या घरी तिनं एक नवी कल्पना कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिली आणि कागद फाडून कोटाच्या खिशात कोंबला. सोमवारी अठरावी नोंद पाहिली. तिचीच कल्पना, तिच्याच शब्दांत. बाद. तारीख शुक्रवारची.

ती तडक ग्युवनच्या टेबलाशी गेली. "माझ्या कल्पना तुला कोण सांगतं?"

"काय सनबे, सकाळी सकाळी थट्टा!" वडीलकीच्या मानानं तो तिला सनबे म्हणे. "तुम्हीच तर सांगता, रोज जेवताना. तुमचे पर्याय तुम्हीच खोडता. मी नुसता लिहून घेतो."

"मी तुझ्याबरोबर एकदाही जेवलेली नाही."

शेजारची सोरा खुदकन हसली. "असं कसं? तुम्ही दोघं इतकं हसता की आम्हाला टेबल बदलावं लागतं!"

मिरान रोज दुपारी आपल्या जागेवर एकटीच डब्यातला किंबाप, भाताच्या गुंडाळ्या, खायची.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटला तो हेवा. त्याच्याबरोबर जेवणारी ती जी कोण होती, तिला सगळी उत्तरं येत होती.

बारा वाजता मिरान कँटीनमध्ये शिरली. वाढणाऱ्या मावशींनी वर पाहिलं. "आणखी हवंय? आत्ताच तर ताट नेलंत."

कोपऱ्यात ग्युवन एकटाच होता. समोर दुसरं ताट. आमटीला वाफ येत होती. भात अर्धा संपलेला.

"बसा ना, सनबे. निवतंय."

ती बसली.

"तर, उद्यापासून तुम्ही येणार नाही." त्यानं लॅपटॉप पुढे ओढला. पडद्यावर एकोणिसावी नोंद होती. बाद पर्यायापुढे मिरानचं पूर्ण नाव. त्याखालची कारणाची ओळ रिकामी.

"कारण सांगत होतात, तेवढ्यात उठलात."

कळांवर बोटं टेकवून तो थांबला.

मिराननं चमचा उचलला, आणि सावकाश कारण सांगू लागली.