नियम मास्तरीणबाईंचाच

ज्याचं तोंड उघडं आहे त्याला खोटं बोलता येत नाही, अशी डॉक्टरीणबाईंची पक्की समजूत होती. त्या मंगळवारी ती मोडली.

दवाखान्याच्या खुर्चीत एक माणूस आडवा पडून दिव्याकडे बघत होता. उंच, उन्हाने रापलेला. गळ्यातली शिट्टी काढायची तशीच राहिली होती. शाळाशाळांच्या फुटबॉल सामन्यांत तो पंचाचं काम करायचा. शेजारच्या स्टुलावर त्याची आई बसली होती, मांडीवर पिशवी घट्ट धरून, जणू दाढ तिचीच निघणार होती.

डॉक्टरीण तोंडाला मास्क बांधून वाकली, त्याच्याकडे पाहिलं आणि हातातला छोटा आरसा हवेतच थांबला.

त्याचेही डोळे थांबले. एक क्षणभर... मग दोघांनी घाईघाईने दुसरीकडे पाहिलं.

"ओळखता का एकमेकांना?" आईने विचारलं.

"नाही," दोघं एकदम म्हणाली. इतकं एकदम, की आईने पिशवी खाली ठेवली आणि सावरून बसली.

खरं म्हणजे ओळख होती. शनिवारी संध्याकाळी, लाँड्रीच्या वरच्या हॉलमध्ये, डॉक्टरीण एक वर्ग चालवायची. वर्ग मोठ्या माणसांचा, आणि विषय पाहुण्यांसमोर कोणी काढत नाही असला. काही जोडप्यांना खेळात एकमेकांना दोरीने बांधावंसं वाटतं, कोणाला हुकूम ऐकावासा वाटतो, कोणाला द्यावासा. ते कसं विचारावं, कुठे थांबावं, हाताला मुंग्या येण्याआधी गाठ कशी सोडवावी, हे तिथे शिकवत. कपडे सगळ्यांच्या अंगावर, दारू बंद, फोटो बंद आणि खरी नावंही बंद. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. हा गेल्या शनिवारी पहिल्यांदा आला आणि आपलं नाव त्याने नुसतं 'पंच' सांगितलं. तिथला एक नियम असा, की वर्गातलं माणूस बाहेर भेटलं तर ओळख दाखवायची नाही. दाखवायची झाली तर ती शिकणाऱ्याने दाखवावी, शिकवणाऱ्याने कधीच नाही.

आणि हा माणूस पडला पंच. नियम म्हणजे नियम.

"दुखलं तर हात वर करा," ती म्हणाली.

सुई हिरडीला लागली. हात खुर्चीला आवळलेले होते, ते काही सुटले नाहीत. घशातून एकच शब्द आला, "लाल."

तिचा हात जागच्या जागी थांबला. वर्गात 'लाल' म्हणजे थांबा, काही विचारायचं नाही, आधी थांबायचं. सवयच तशी लागलेली.

"लाल काय?" आई स्टुलावरून अर्धी उठली.

"हिरडी," डॉक्टरीण म्हणाली. "थोडी लाल दिसतेय."

"त्याला कशी दिसली? त्याच्या तोंडात तर तुमचा हात आहे."

डॉक्टरीण दिवा नीट करायला लागली, आणि दाढ त्या दिवशी औषधावरच राहिली.

त्या आठवड्याच्या शनिवारी तो पुन्हा वर्गाला आला तो थेट पुढच्या रांगेत बसला. खालच्या इस्त्र्यांमुळे हॉलची फरशी कोमट असायची आणि साबणाचा वास जिन्यातून वर यायचा. मास्तरीणबाईंनी दोरी काढली आणि मनगटाची सैल गाठ दाखवायला खुर्चीचा पाय घेतला.

"माझा हात घ्या की," पंच म्हणाला. "खुर्चीला काय कळणार?"

पाच-सहा जण हसले. तीही हसली असती, पण वर्ग चालू होता.

"सगळ्यांच्या देखत हो म्हणणं सोपं असतं," ती म्हणाली. "नाही म्हणणं जड जातं. म्हणून इथे आयत्या वेळी कोणाचा हात मागत नाही. ज्याला यायचं त्याने आधी एकट्याने सांगायचं, घरी जाऊन विचार करायचा, आणि ऐन वेळीही नको वाटलं तर कोणी का म्हणून विचारायचं नाही."

"खुर्चीला विचारलंत?"

"खुर्ची आमच्याकडे जुनी आहे."

मग त्याने हात वर केला, अगदी शाळेतल्यासारखा. "शिकवणाऱ्याचंच चुकलं तर तक्रार कोणाकडे करायची?"

मास्तरीणबाईंनी दोरी खाली ठेवली. नव्या माणसाने हा प्रश्न विचारावा म्हणून ती कितीतरी शनिवार वाट बघत होती.

"त्या सिस्टरांकडे," तिने दाराशी बसलेल्या, पांढऱ्या केसांच्या निवृत्त नर्सबाईंकडे बोट दाखवलं. "त्या शिकवत नाहीत, माझं ऐकत नाहीत आणि मला घाबरत तर मुळीच नाहीत."

सिस्टरांनी मान हलवली. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

वर्ग सुटल्यावर तो जिन्यात रेंगाळला. ती कुलूप लावून खाली येत होती.

"दवाखान्यात ओळखलं नाहीत मला."

"तुम्ही तरी कुठे ओळखलंत?"

"नियम."

"नियमच."

दोघांनाही हसू आवरेना. जिन्यातला दिवा मिणमिणत होता, साबणाचा वास दरवळत होता, आणि तिच्या लक्षात आलं की आपण उगाचच एक पायरी खाली उतरून थांबलो आहोत.

"समोर कॉफी चांगली मिळते," तो म्हणाला. "म्हणजे... विचारतोय फक्त. नाही म्हटलंत तर का म्हणून विचारणार नाही."

"नाही," ती म्हणाली. आणि त्याने खरंच विचारलं नाही, म्हणून तिनेच सांगितलं. "शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याशी सूत जमवायचं नाही. वर्ग सुरू असताना नाही आणि संपल्यावरही अर्धं वर्ष नाही."

"हा नियम कोणी केला?"

"मीच."

"चांगला आहे," तो म्हणाला. "मला आवडला नाही, पण चांगला आहे."

तो गेला आणि मास्तरीणबाई त्याच पायरीवर बसून राहिल्या.

नियम उगाच केलेला नव्हता. आधी हा वर्ग एक गोड बोलणारा गृहस्थ चालवायचा. दर महिन्याला वर्गातली एखादी नवी बाई त्याला विशेष वाटायची. ती विशेष राहिली नाही की वर्गात यायची बंद व्हायची, आणि दाद मागायला कुठे जागा नसायची, कारण सगळं त्याच्याच हातात. अशांतली एक बाई, जिला सगळे चष्मेवाली म्हणत, पुढे परत आली ती या नियमांवर विश्वास ठेवून. आता ती डॉक्टरणीच्या जोडीने शिकवत होती. तिच्याकडे बघून आणखी बायका यायला लागल्या होत्या. हा नियम ढिला पडला असता तर हॉलमध्ये खुर्च्या उरल्या असत्या, माणसं नाहीत.

डॉक्टरणीने मनाशी ठरवलं, आपल्याला काही वाटतच नाही. हे तिला तीन-चार शनिवार जमलं.

मग पंचाची आई दवाखान्यात आली. एकटीच.

"बोला काकू, कुठला दात?"

"दात चांगले आहेत. भांडण कशावरून झालं ते सांग."

"कसलं भांडण?"

"हे बघ पोरी, अनोळखी माणसं एकमेकांकडे बघतात. तुम्ही दोघं न बघण्याची मेहनत घेत होता. पूर्वी काही होतं आणि मोडलं, एवढं मला कळतं. चूक त्याचीच असणार, मी वाढवलाय त्याला."

"काकू, तसं काही नाही."

"मग शनिवारी तो जातो कुठे?"

कोण वर्गाला येतं हे मेलं तरी सांगायचं नाही, हाही नियम डॉक्टरणीचाच. "ते त्यांनाच विचारा."

"विचारलं. म्हणतो, शिकायला. काय शिकतोस, तर म्हणतो, विचारायला. आता ह्याला काय अर्थ आहे?" काकूंनी आवाज खाली आणला. "आणि तुझा विषय काढला की उठून पाणी प्यायला जातो. परवा जेवताना चारदा गेला. इतकं पाणी माणूस पीत नाही गं."

डॉक्टरणीला स्वतःलाच तहान लागल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी तिने सिस्टर आणि चष्मेवालीला हॉलमध्ये बोलावलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. अजून काही घडलेलं नाही. कॉफीसुद्धा नाही. पण शिकवताना आता माझं लक्ष पुढच्या रांगेतच जातं, आणि तो प्रश्न विचारत नाही त्या दिवशी मला राग येतो.

चष्मेवालीने चष्मा काढून पुसला.

"तो आधीचा गृहस्थही म्हणायचा, आपलं वेगळं आहे," ती म्हणाली.

"माझं वेगळं आहे असं मी म्हणत नाही. तेच असेल म्हणून आले तुमच्याकडे."

"पंचाला बोललीस?"

"नाही. आधी तुला."

चष्मेवालीने चष्मा लावला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "मग बस खाली. किती वेळ उभी राहणार आहेस आरोपीसारखी?"

डॉक्टरणीचा जीव भांड्यात पडला, पण सिस्टरांनी तो तिथे राहू दिला नाही.

"निकाल राहिलाय अजून," त्या म्हणाल्या. "त्याला वर्गातून काढायचं नाही. जीव तुझा जडलाय, त्याने शिकणं का सोडावं? तू बाहेर हो. वर्ग ही चष्मेवाली चालवेल. अर्धं वर्ष त्याच्याशी गाठ नाही, भेट नाही. आणि त्याचे दातही बघायचे नाहीस. तिथे तर तू त्याची डॉक्टर आहेस, ते आणखीच वाईट."

"सिस्टर, त्याच्या मनात काय आहे हे मला धड माहीतही नाही. नसेलच काही, तर मी वर्गही गमावला आणि..."

"तर गमावलास," सिस्टर म्हणाल्या. "आम्ही वर्ग चालवतो. लग्नं जमवत नाही."

वर्ग म्हणजे तिने हाताने उभं केलेलं घर होतं. तिने किल्ल्या चष्मेवालीच्या हातात ठेवल्या तेव्हा बोटं सुटता सुटेनात. पण ठेवल्या.

पंचाला सिस्टरांनीच सांगितलं, तिच्यासमोर. तो ऐकता ऐकता कानापर्यंत लाल झाला.

"मीच वर्ग सोडतो," तो म्हणाला. "सामन्यात आपलं माणूस असलं की पंच बाहेर बसतो."

"इथे पंच ती होती," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही खेळाडू. तुम्ही खेळा."

"मग मी करू काय?"

"वर्ग पुरा करा. आणि दुसरा डॉक्टर शोधा, ती दाढ कधीतरी काढावीच लागेल."

त्याने डॉक्टरणीकडे पाहिलं. बोलायची बंदी होती, म्हणून फक्त मान झुकवली. त्या झुकलेल्या मानेवर तिने पुढचं अर्धं वर्ष काढलं.

तसं एकटीने नाही काढलं. दर महिन्याला काकू येऊन खुर्चीत बसायच्या.

"त्याला म्हणे दुसरा डॉक्टर शोधायला लावलाय. माझ्या दातांवर तर बंदी नाही ना?"

"तुमचे दात माझ्याहून चांगले आहेत, काकू."

"असू देत. बघ तू."

ती बघायची आणि काकू तोंडात आरसा असतानाही बोलायच्या. पंचाचा निरोप त्यांनी कधी आणला नाही आणि तिने मागितला नाही. पण एका महिन्यात त्या आल्या त्या गप्पगप्प होत्या. डॉक्टरणीने आरसा खाली ठेवला.

"सांगितलं त्याने," काकू म्हणाल्या. "शनिवारचं. दोऱ्या, हुकूम, सगळं. मी म्हटलं, म्हणजे डॉक्टरीण तिथली हेडमास्तर? तर पाणी प्यायला गेला."

"काकू, मी..."

"मी रात्रभर विचार केला. त्याला विचारलं, तिथे सगळं आधी विचारून करतात? म्हणे हो. नको म्हटलं की थांबतात? हो. मग रुसत नाहीत? नाही म्हणे." काकूंनी सुस्कारा सोडला. "ह्याच्या बापाला धाडायला हवं होतं गं आधी. दोरीचं सोड, निदान विचारणं शिकला असता. पंधरा वर्षं मला न विचारता पाहुणे जेवायला आणायचा."

डॉक्टरीण इतकी हसली की मास्क खाली आला.

मुदत संपली त्या दिवशी ती सकाळपासून घड्याळाकडे पाठ करून काम करत होती. दुपार झाली. संध्याकाळ झाली. शेवटचा रुग्ण गेला, तिने दिवे मालवायला हात नेला, आणि दारात तो उभा राहिला. डावा गाल टम्म फुगलेला, हनुवटीशी रुमाल.

"आजच?" ती म्हणाली.

"त्या दुसऱ्या डॉक्टराने अर्धं वर्ष औषधांवर ढकललं आणि दाढ काढायला आजचीच वेळ दिली," तो एका बाजूच्या ओठाने म्हणाला. "सकाळी यायचं होतं. पण म्हटलं, दाढ घेऊन आलो तर तुम्ही दाढेकडेच बघाल."

"किती रक्त..."

"बघू नका. तुमचा रुग्ण नाही मी." त्याने रुमाल खाली घेतला. अर्धा चेहरा बधिर, तरी जमेल तेवढा सरळ उभा राहिला. "वर्ग संपला माझा. आता... विचारू का?"

"विचारा."

"मला तुमच्यासोबत राहायला आवडेल. कॉफीपासून सुरुवात करू. आज कॉफीही पिता येत नाही. आज नुसतं विचारणंच आहे."

अर्धं वर्ष तिने उत्तर घोटून ठेवलं होतं, चांगलं लांबलचक. ऐन वेळी त्यातलं काही आठवलं नाही.

"हो," ती म्हणाली.

तो हसायला गेला आणि कळवळला.

"तोंड मिटा," ती म्हणाली. "कापूस घट्ट चावून धरा. अर्धा तास एक शब्द बोलायचा नाही."

त्याने भुवया उंचावल्या. हा हुकूम आहे का, एवढं त्या भुवयांत स्पष्ट होतं.

"विनंती आहे," ती म्हणाली. तिचे कान गरम झाले होते. "नाही म्हणायला वाव आहे."

त्याने सावकाश मान हलवली. नाही म्हणायचं नव्हतं. मग तो रुग्णांच्या बाकावर जाऊन बसला, शेजारची जागा हाताने झटकली आणि हात तिथेच तळवा वर करून ठेवला.

ती बसली. तळव्यात हात दिला. अर्धा तास त्याला बोलता येणार नव्हतं, म्हणून मग तीच बोलायला लागली... त्या शनिवारी त्याने विचारलेल्या तक्रारीच्या प्रश्नापासून, एकेक करत, सगळं. बाहेर दुकानांचे दिवे लागले. कापूस बदलायची वेळ कधीच टळून गेली होती, आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंना ते सुचलं नाही.