स्टीलचा पेला

ती टाचणीबाईंच्या ऑफिसात आली, पण बसली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "माझ्या बाबांना कुणीतरी फसवलंय. कुणी ते शोधून द्या. आजच."

टाचणीबाई खासगी तपासाची कामं घेत. नेमकं टोचेल असंच विचारतात म्हणून हे नाव पडलेलं. सोबतीला त्यांचे भाऊजी, म्हणजे मोठ्या बहिणीचे यजमान. निवृत्त झाल्यापासून ते बाईंची गाडी चालवत आणि बाईंच्या आधी गुन्हेगार ओळखत. त्यांनी ओळखलेला गुन्हेगार आजवर एकदाही खरा निघाला नव्हता.

प्रकरण असं होतं. मुलीचे वडील सोफे शिवायचं काम करत. एके काळी अट्टल पिणारे. मग सोडली ती सोडलीच. आईची अट एकच होती, एक थेंब जरी पोटात गेला तरी घराचं दार बंद. काल रविवारी मुलीनं घरच्यांना गच्चीवर ब्रंचला बोलावलं होतं. सगळ्यांना स्पार्कलिंग वाइनमध्ये संत्र्याचा रस, आणि वडिलांना रस नि सोडा. वाइनचा ग्लास हातातही नको म्हणून वडील अशा ठिकाणी स्वतःचा स्टीलचा पेला घेऊन जात. सगळ्यांनी एकदम ग्लास उंचावले, वडिलांनी मोठा घोट घेतला आणि पेला तसाच धरून ते आत बेसिनकडे धावले. आई मागोमाग गेली. त्यांच्या तोंडाला वाइनचा वास येत होता.

"बाबा म्हणाले, मला माहीत नाही, पेल्यातच होती," मुलगी म्हणाली. "पूर्वी रोज हेच सांगायचे. आईनं पेला बेसिनमध्ये ओतला आणि घरी यायचं नाही म्हणून बजावलं. काल ते दुकानात झोपले, अर्धवट शिवलेल्या सोफ्यावर. असेच एकटे राहिले तर खरंच प्यायला लागतील हो."

बाईंचं नाक लाल झालं. संतापल्या की व्हायचं. एक माणूस जिवाच्या आकांतानं सावरून उभा राहतो, आणि घरातलंच कुणीतरी येऊन त्याच्या पायाखालचं फळकुट ओढतं. याला गंमत म्हणायची नसते, हा हलकटपणा असतो.

गच्चीवरचं टेबल अजून आवरलेलं नव्हतं. कोपऱ्यात, वडिलांचा पेला ठेवला होता तिथे, कापडावर पिवळट डाग होता, भोवती चिकट ओघळ. टेबलामागच्या कुंडीत मुंग्यांची झुंबड उडाली होती. भाऊजींनी मुंग्या झटकून कुंडी बाजूला सरकवली आणि सावलीत जागा केली.

पहिला आळ ड्रिंक्स बनवायला बोलावलेल्या बाईवर आला होता. कंपनीनं तिला घरी बसवलं होतं, म्हणून तीही धुमसत होती. पेल्यात तिनं भरपूर बर्फ घातला, त्यावर सोडा, मग वरून रस, आणि पेला कोपऱ्यात ठेवून ग्लास आणायला खाली गेली. तेव्हा कापड कोरडं होतं. बाकीचे कठड्याशी फोटो काढत होते.

"सोडा आधी का?" बाईंनी विचारलं.

"बुडबुड्यांचं आधी, रस मागाहून. वाइनचंही तसंच. उलटं केलं तर रसातल्या गरानं फेस उसळतो. ग्लासात तो चढताना दिसतो तरी, स्टीलच्या पेल्यात कळणारही नाही."

जावयानं, म्हणजे मुलीच्या नवऱ्यानं, आठवडाभर याच ड्रिंकचा सराव केला होता. पहिल्याच दिवशी रसावर वाइन ओतून सगळा ओटा माखला, तेव्हापासून कानाला खडा, असं तो म्हणाला. बायकोनं मान डोलावली. ओटा तिनंच पुसला होता.

आईचा भाऊ, म्हणजे मुलीचा मामा, आडपडदा न ठेवता बोलला. हा मेव्हणा त्याला पहिल्यापासून आवडत नव्हता. "बर्फ खडखड टाकलेला मी ऐकला. त्या बर्फाआड लपवून ढोसत होता तो. बहिणीला किती वेळा सांगितलं."

भाऊजींनी बाईंना कोपर मारलं. त्यांच्या दृष्टीनं निकाल लागला होता.

शेवटी मुलीचा धाकटा भाऊ. सगळ्यांत शांतपणे तोच बोलला. तो स्वयंपाकघरात ऑम्लेटं करत होता, ग्लास उंचावायच्या वेळेस वर आला, आणि कोपऱ्याकडे फिरकलासुद्धा नाही. "एवढी घाई झाली होती त्यांना," तो म्हणाला, "की बर्फसुद्धा न घालता घटाघटा प्यायले."

आईला बाईंनी एवढंच विचारलं, की पेला ओतला तेव्हा आत काय होतं. वाइन आणि रस. बर्फाचा एक तुकडाही नव्हता. हे कुणाला सांगितलं का? तिला कुणाशी बोलायची इच्छाच उरली नव्हती. दुकानात वडिलांनीही तेच सांगितलं. त्यांचं तर कुणी ऐकूनच घेतलं नव्हतं.

"मामाच," गाडीत भाऊजी म्हणाले.

"भाऊजी, तुम्ही समोर बघा."

संध्याकाळी बाईंनी सगळ्यांना गच्चीवर बसवलं. वडील दारातच उभे राहिले. आई त्यांच्याकडे पाठ करून बसली. बाईंनी स्टीलच्या पेल्यात रस घेतला आणि वरून वाइन ओतली. फेस भसकन बाहेर आला आणि कालच्यासारखाच डाग पडला.

"हे काम ज्याला ओतायची रीत माहीत नाही त्याचं," बाई म्हणाल्या. "ड्रिंक्सवाली असं करणार नाही, आणि ओटा माखून शहाणे झालेले जावईही नाहीत. पेल्यातला रस-सोडा कुंडीत गेला, म्हणून तिथे मुंग्या. बर्फही तिथेच गेला. मग कुणीतरी घाईघाईनं रस ओतला, त्यावर वाइन."

"मामा," भाऊजी पुटपुटले.

"मामांना अजून वाटतंय की पेल्यात बर्फ होता. बर्फ टाकलेला ऐकला, काढलेला पाहिला नाही. स्टीलच्या पेल्यात बाहेरून काय दिसणार? बर्फ नव्हता हे पिणाऱ्याला ठाऊक, बेसिनमध्ये ओतणाऱ्या आईला ठाऊक, आणि तो ज्यानं फेकला त्याला." बाई धाकट्याकडे वळल्या. "तू तर कोपऱ्याकडे फिरकलाच नव्हतास. मग तुला कसं कळलं?"

त्यानं मान फिरवून दारातल्या वडिलांकडे पाहिलं. मग त्याचा आवाज चढला.

"हे सुधारले आणि तुम्ही सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. मला पलंगाखाली लपून बसावं लागायचं, ते कुणाच्या लक्षात आहे? माझ्या वतीनं तुम्हीच माफ करून मोकळे झालात. त्यांनी मला कधी साधं विचारलंही नाही. मला जसे दिसतात तसे तुम्हालाही एकदा दिसावेत, एवढंच हवं होतं मला."

"तुझा राग खरा आहे," बाई म्हणाल्या. त्याही चिडलेल्याच होत्या. "पण तो त्यांच्या तोंडावर काढायचा होता, पेल्यात नाही. काल तू बापाला मारत होतास, कळतंय का?"

आई ताडकन उठली. "चालता हो. माझ्या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही."

"थांब," वडील दारातून म्हणाले. "काल तू मला हेच म्हणालीस, आणि जाताना मी एक बाटली विकत घेतली. दुकानात आहे. अजून उघडलेली नाही. आता याला बाहेर काढलंस तर उघडीन."

आईनं पहिल्यांदाच वळून त्यांच्याकडे पाहिलं, आणि ती पुन्हा खुर्चीत बसली.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," मुलगा म्हणाला.

"मी अजून मागितलीच कुठे?" वडील म्हणाले. "चल दुकानात. आधी ती बाटली ओतू, मग मागतो."

मुलगा लगेच उठला नाही. वडील दारात थांबून राहिले.