समोरची दोन टोकं

ऐकताय ना? तर एका घरात दोन जावा राहायच्या, एक थोरली नि एक धाकटी. दोघींचे नवरे लवकर गेले. थोरलीला मूलबाळ नाही, धाकटीला एकच लेक, ती लग्न होऊन लांब गेली. त्यातली धाकटी म्हणजे मी.

आम्ही दोघी इस्पितळाच्या धुलाईखान्यात होतो, तीस वर्षं. चादरींच्या घड्या घालायच्या. मोठी चादर म्हणजे दोघींचं काम. हिने दोन टोकं धरायची, तिने दोन, झटकायची, ताणायची, मग चालत जाऊन एकीने आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. दिवसाला चारशे चादरी. चारशे वेळा बोटांना बोटं लागायची. थोरली म्हणायची, "धाकटे, संसार तुझा माझ्याशीच झाला, भाऊजी आपले पाहुणे म्हणून येऊन गेले."

माझा डावा डोळा लहानपणीच कामातून गेला. दिसायला धड आहे, म्हणून कुणाला कळत नाही. थोरलीला तेवढं ठाऊक होतं. ती टोकं कधी सरळ समोरून आणायची नाही. जरा वाकडी वाट करून माझ्या उजव्या अंगाने यायची, नि हातात दिली की माझ्या अंगठ्यावर आपला अंगठा एकदा दाबायची. धरलंस ना, असं विचारल्यासारखं. त्यावर आम्ही तीस वर्षांत एक शब्द बोललो नाही.

थोरली हिवाळ्यात गेली, चार दिवसांच्या तापाने. मी कामावर होते तेव्हा. तिच्या अंगावरची चादर मी घरी धुतली, दोन टोकं हनुवटीखाली दाबली नि एकटीने घडी घातली. वाकडी झाली ती. तशीच ठेवून दिली.

पुढे महिन्याभराने एक चष्मेवाली पोरगी धुलाईखान्यात आली. ती नि तिचे साहेब रोबोला घरकाम शिकवत होते. म्हणाली, तो बुद्धिबळात भल्याभल्यांना हरवेल, पण चादर हातात दिली की गडबडतो, कारण चादरीला स्वतःचा असा आकारच नसतो. जुने, सरावलेले हात हवे होते तिला. मी लगेच हो म्हटलं. रिकाम्या घरात सुट्टीचा दिवस खायला उठायचा. डोळ्याचं मात्र बोलले नाही. अर्ध्या आंधळीला कोण घेणार?

त्यांची खोली पांढरीफटक. खिडकी नाही, कसला वास नाही. तिथे तीन महिने मी तारांचे हातमोजे घालून घड्या घातल्या. एका बाजूला मी, समोर चष्मेवाली. वरचे कॅमेरे माझे हात बघायचे, मोजे बोटं टिपून घ्यायचे, ते सगळं रोबोच्या डोक्यात जायचं. मी करीन तसं तो करणार. चष्मेवालीचे दोन्ही डोळे चांगले, मग मी टोकं तिच्याकडे सरळच न्यायची. हजारो चादरी नेल्या, सगळ्या सरळ. एवढं ध्यानात असू द्या.

मग एका दुपारी माझ्या जागी रोबोला उभं केलं. त्याला डोकं नव्हतं. चाकांवर एक खांब, त्याला दोन हात, हातांना रबराची बोटं. चष्मेवालीच्या जागी मी उभी राहिले. ती काचेपलीकडे कॉम्प्युटरपाशी जाऊन बसली. दार लागलं. खोलीत मी नि तो.

पहिली चादर आम्ही झटकली, ताणली. तो माझ्याकडे निघाला. हात अगदी सरळ येत होते. येता येता मध्येच थांबले. चाकांची गुणगुण थांबली, एवढी शांतता की माझाच श्वास मला ऐकू यायला लागला. मग ते हात बाजूला वळले... वाकडी वाट करून माझ्या उजव्या अंगाने आले. टोकं माझ्या हातात पडली. नि एक रबरी बोट माझ्या अंगठ्यावर येऊन एकदा दाबलं गेलं.

त्या बिनवासाच्या खोलीत मला वास आला. ओल्या सुताचा, सोड्याचा, वाफेचा.

"कोण..." एवढंच तोंडातून निघालं, तेही आतल्या आत.

तो पुढच्या चादरीसाठी मागे सरकला होता. माझे हात सवयीने पुढे झाले. बारा चादरी झाल्या, बाराही उजव्या अंगाने. मानेवर काटा उभा होता, पण खोटं कशाला सांगू, तेराव्या चादरीची मी वाट बघत होते.

तेरावी झालीच नाही. चष्मेवाली आत आली, चेहरा उतरलेला. हात वीतभर भरकटतोय म्हणाली, कुठून उचललं कळत नाही, परवा मोठे साहेब बघायला येणार आहेत. आज संध्याकाळी हे त्याच्या डोक्यातून पुसून टाकू म्हणाली.

"पुसलं की... काहीच राहत नाही?"

"काहीच नाही, आजी. तुमच्या हातांत ही सवय असती तर ठेवली असती. पण मी सगळं चित्रण पाहिलंय. एकदाही नाही."

थोरली गेली तेव्हा तिला जाऊ द्यायचं का, असं मला कुणी विचारलं नव्हतं. आज विचारल्यासारखंच होतं ते. हे काम जाईल, परत सुट्टीभर त्या घरात भिंतींकडे बघत बसावं लागेल, हे सगळं मनात येऊन गेलं.

"पोरी, मला डाव्या डोळ्याने दिसत नाही," मी म्हटलं. "तुमच्यापासून लपवलं मी. उद्यापासून येऊ नका म्हणालीस तर नाही येणार. पण तो चुकत नाहीये... त्याला कळलंय."

तिने वाकून माझ्या डाव्या डोळ्यात बघितलं. मग मला बाजूला करून स्वतः उभी राहिली. तिच्याकडे हात सरळ गेले. मला उभं केलं. माझ्याकडे उजव्या अंगाने आले. चष्मा काढून पदराने पुसावा तसा सदऱ्याच्या टोकाने पुसत ती खाली बसली. आम्ही माणसं तीन महिन्यांत ओळखू शकलो नाही आजी, म्हणाली, आणि याने एका फेरीत...

अंगठ्याचं मी तिला सांगितलं नाही. आजतागायत नाही.

पुसलं नाहीच मग. साहेब आले, परदेशातली माणसं आली, पोरीचं नाव झालं. रोबो आमच्याच धुलाईखान्यात कामाला लागला. त्याच्यावर देखरेखीला माणूस हवं होतं, तर चष्मेवालीने माझ्या शब्दाखातर माझ्या लेकीला शिकवून तिथे बसवलं. लेक, जावई, नात, सगळी माझ्याकडे राहायला आली. सकाळी न्हाणीघरापुढे भांडणं होतात, नात माझ्या पोटावर पाय टाकून झोपते. दोन वर्षं झाली, मला कामावर जाऊ देत नाहीत. म्हातारपणी यापरतं आणखी काय हवं?

परवा लेक कपडे वाळत घालता घालता म्हणाली, जेवणाच्या सुट्टीत ती धुलाईखान्याला कुलूप लावून जाते. आत नुसता रोबो असतो. परत येऊन उघडलं की मोठ्या चादरींचा ढीग घडी होऊन तयार. मी म्हटलं, बरंच झालं की.

ती जवळ आली. आवाज खाली आणला. "आई, त्याला हात दोनच आहेत ना गं... मग समोरची टोकं कोण धरतं?"

मी नातीची वेणी घालत होते, ती घालत राहिले. थोरली तिथे आहे, हे मी केव्हाच मनाशी धरलंय, त्याचं भय मला नाही. पण तिच्या समोरची दोन टोकं धरायची जागा माझी. नि मी तर भर दुपारची इथे, माझ्या भरल्या घरात, नातीचे केस हातात घेऊन बसलेली असते.