कुरडयांखालचा दगड

“आकडा जुळत नाही! तब्बल ०.२८ मिलिगल कमी!” वर्षाराणी मॅडमनी वही मिटली.

बुशराचा चेहरा उतरला. सृष्टीला मात्र मनातून बरं वाटलं.

सुट्टीत मॅडमच्या शास्त्रज्ञ तुकडीची जीप उमरीला आली, तेव्हा आकड्यांची वही लिहायला दोघींनीही हात वर केला होता. मॅडमनी बुशराला निवडलं. का, तर म्हणे आकडे सुवाच्य! वही लिहिणारी उद्या माहूरच्या गडावर जाणार होती. जीपमध्ये जागा एकच.

पृथ्वी किती जोरानं ओढते, ते यंत्रानं मिलिगलमध्ये मोजायचं होतं. सकाळी गल्लीतल्या सर्वेक्षणाच्या दगडावर पहिला आकडा घ्यायचा, मग आसपासच्या गावांतले आणि दुपारी पुन्हा त्याच दगडावर शेवटचा. पहिला आणि शेवटचा जुळला, तरच दिवसाचं काम खरं.

“यंत्र दगडावरच ठेवलं होतं,” मदतनीस मन्मथकाका म्हणाले. “गल्लीतून आकडा ओरडून सांगितला. पोरीनं जीपमध्ये बसून चुकीचा लिहिला असंल!”

“न्हाई हो काका! तुम्ही सांगितला तोच लिहिला!”

“माझी बहीण चुकत न्हाई!” अम्मार उसळला. “चला, दगडच बघू!”

गल्लीत म्हाताऱ्या गुणाबाईंनी सकाळच्या मोजणीनंतर त्या दगडावरच साडी पसरून कुरडया वाळत घातल्या होत्या. अम्मारनं साडीचा कोपरा उचलून खाली पाहिलं. “दगड तर धड हाय!”

सृष्टी कुरडया पाहत होती. त्या साडीला चिकटून सुकल्या होत्या. एकही हललेली नव्हती. शेजारच्या ओट्यावर मात्र धुळीत यंत्राच्या पायांचे तीन गोल ठसे होते!

तिच्या लक्षात आलं. उंच जावं तशी ओढ कमी होते, हे मॅडमनी कालच सांगितलं होतं.

पण तिनं ते ठसे कुणाला दाखवले नाहीत.

“सृष्टी, उद्या वही तू लिहिशील?” मॅडमनी विचारलं.

‘हाव’ अगदी ओठांवर आलं. बुशरा पाठ फिरवून डोळे पुसत होती.

“काका,” सृष्टी एकदम म्हणाली, “यंत्र दगडावर ठेवलं, तर कुरडया कुणी उचलल्या?”

तिनं ओट्यावरचे ठसे दाखवले. अम्मारनं टेप लावली. ओटा दगडाहून नव्वद सेंटिमीटर उंच!

“मीटरला ०.३१, म्हणजे नव्वदला...” मॅडम थांबल्या. “बरोब्बर ०.२८!”

“म्हातारीनं काठी उगारली हो मॅडम!” काका म्हणाले. “म्हणली, कुरडयांना हात लावून बघ!”

गुणाबाईंची समजूत घालून साडी सरकवली. यंत्र दगडावर बसलं आणि आकडा जुळला!

“बुशरा, मी उगीच शंका घेतली. वही तुझीच,” मॅडम म्हणाल्या. “आणि सृष्टी, असं बघणारं माणूस माझ्या अख्ख्या तुकडीत नाही.”

बुशरा सृष्टीजवळ आली. “तुला आधीच कळलं होतं ना? मग गप का होतीस?”

“तुझा लई राग येऊन राहिला होता.”

“आन् आता?”

“आताबी येतोय,” सृष्टी म्हणाली. “पण गडावरचे आकडे नीट लिही. आल्यावर मी तपासणार हाय!”