तीन आणि दोन उभ्या रेघा

जाहेदा दुकानात आली तेव्हा बन्सी सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावत होता आणि बद्रीनाथ शेजारच्या बाकावर डोळे मिटून बसला होता. बद्रीनाथ पूर्वी कोर्टात नकलनवीस होता. पोलीस ॲक्शननं निजामाचं राज्य गेलं, कोर्टाची भाषा उर्दू राहिली नाही, तशी त्यानं नोकरी सोडली आणि बन्सीच्या दुकानावरच 'खासगी चौकशी' अशी पाटी ठोकली. नऊ वर्षं झाली त्याला. बन्सीनं तेव्हा हो म्हटलं आणि अजून भोगतोय.

"माझे अब्बा हर्सूलला आहेत," जाहेदा म्हणाली.

हर्सूलला आहेत म्हणजे तुरुंगात, हे या शहरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बद्रीनाथनं डोळे उघडले.

"घड्याळवाल्या हबीबमियांची मुलगी का तू? तात्यासाहेबांचं प्रकरण?"

तिनं मान हलवली. मुलगी शाळेत शिकवणारी, बोलणं नीटस. पण हातातला रुमाल पिळून पिळून तिनं त्याची दोरी केली होती.

तात्यासाहेब म्हणजे निवृत्त मास्तर. गुलमंडीमागच्या वाचनालयाच्या माडीवर ते दर रविवारी दुपारी चारला गणिताचं मंडळ भरवत. ॲक्शननंतर गावातली माणसं एकमेकांच्या डोळ्याला डोळा देईनात, त्या दिवसांत त्यांनी तिथं एक फळा टांगला. ज्याला प्रश्न पडेल त्यानं चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा, ज्याला उत्तर येईल त्यानंही तसंच. नियम एकच, चिठ्ठीवर नाव घालायचं नाही. प्रत्येकानं आपला एक आकडा निवडायचा आणि तोच लिहायचा. हबीबचा आकडा बारा. कोणता आकडा कुणाचा, सगळे मिळून फक्त तात्यासाहेबांना ठाऊक.

मागच्या रविवारी हेच तात्यासाहेब माडीच्या दगडी जिन्याखाली डोकं फुटून पडलेले सापडले. डोकं हबीबच्या मांडीवर, रक्त हबीबच्या बाहीवर. थोड्या वेळानं म्हातारा गेला.

"आधीच्या रविवारी अब्बांचं त्यांच्याशी भांडण झालं होतं, सगळ्यांदेखत," जाहेदा म्हणाली.

"कशावरून?"

"पाचावरून. अब्बा निजामाच्या शाळेत शिकले. घाईत आकडे उर्दूत पडतात. उर्दूतला पाच म्हणजे गोळाच, मराठीतल्या शून्यासारखा. तात्यासाहेबांनी शून्य वाचलं आणि गणित चूक दिलं. अब्बा ओरडले. दर महिन्याला ओरडायचे हो, आणि मग दोघं चहा प्यायला जायचे."

"एवढ्यावर फौजदारानं धरलं?"

"शेवटचा शब्द आहे ना. झाडलोट करणाऱ्या द्वारकाबाईंनी ऐकला. फौजदार म्हणतात, मरताना तात्यासाहेब अब्बांना 'आऊट' म्हणाले. चालता हो म्हणून." तिनं रुमालाचा पीळ सोडला. "अब्बांना दम्याचा त्रास आहे. या थंडीत तिथं ते टिकायचे नाहीत."

बद्रीनाथ उठला. बन्सीनं ट्यूब तशीच टाकली. सायकल त्यालाच हाणायची होती.

हर्सूलला गजांपलीकडे हबीब घोंगडी पांघरून बसला होता. दर वाक्याला धाप लागत होती.

"मैं पावणेचारला पोचलो. घड्याळवाला आहे मी, पावणेचार म्हणजे पावणेचारच. मास्तर खाली पडले होते. मी पाण्यासाठी वर पळालो, माठ रिकामा. तसाच खाली आलो, तोवर द्वारकाबाई घागर घेऊन दारात आली. मास्तर कुछ बोले. औट, ऐसा काहीतरी. पण मेरी तरफ नहीं देख रहे थे. माझ्या मागं बघत होते."

"वर आणखी काय दिसलं?"

हबीबनं मान खाली घातली. "फळ्यावर नवा सवाल होता. माणूस खाली मरतोय आणि मी वर सवाल वाचला, साहेब. वाचलाच गेला. शरम वाटते."

"कोणता?"

"पाणचक्कीवर कबुतरं उतरली. दोन-दोन दाणे टिपायला बसली तर एक उरतं. तीन-तीन बसली तर दोन उरतात. चार-चार बसली तर तीन. पाच-पाच बसली तर एकही उरत नाही. तर कमीत कमी किती? तीन दिन लागले मला इथं. उत्तर..."

"उत्तर नको," बद्रीनाथ म्हणाला. "हा प्रश्न कुणाला सांगितलात?"

"इथं कुणाला सांगणार?"

फौजदार मुंबईकडून नवा बदलून आलेला. त्यानं तात्यासाहेबांच्या मुठीत सापडलेला कागद दाखवला. एका चिठ्ठीचा फाटलेला कोपरा, बाकीचा कुणीतरी हिसकून नेलेला. कोपऱ्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं: ३॥

"तीन आणि दोन उभ्या रेघा," फौजदार म्हणाला. "रेघोट्या ओढल्यात कुणीतरी. त्यात काय बघायचंय?"

"फळ्यावर काय होतं, ते पंचनाम्यात आहे?"

"फळा कोराच होता."

वाचनालयात द्वारकाबाई जिना पुसत होती. पन्नाशीची बाई, अंगानं चिपाड. माडीवर दोन बाकं, एक कपाट आणि तो कोरा फळा. बद्रीनाथनं कपाटातली प्रश्नांची वही चाळली. मंडळात आलेला प्रत्येक प्रश्न तात्यासाहेबांनी क्रमांक घालून उतरवला होता. शेवटचा क्रमांक होता दोनशे चौऱ्याऐंशी.

"मास्तरांनी तिनाला फळ्यावर लिवलं," द्वारकाबाई म्हणाली. "मग मी नहराच्या बंबावर पानी भराया गेले. लई गर्दी व्हती. येऊन बघते तर असं. नवं लुगडं नेसले व्हते, समदं रक्तानं भरलं. आता काय निघतंय ते."

"मास्तर काय म्हणाले?"

"औट."

"आऊट?"

"औट," ती पुन्हा म्हणाली आणि फडकं पिळू लागली. "फौजदारांनी लिवलं तसं लिवलं."

"आणि फळा?"

"मी पुसला, लोक जमायच्या आधी. ज्यानं इचारलं तोच ऱ्हायला नाय, मग सवाल कशाला ठिवायचा?"

"प्रश्न कुणाला सांगितलास?"

"नाय बा. मला काय कळतंय त्यातलं?"

सांडू भेटला कचेरीच्या व्हरांड्यात. जमीन मोजणारा माणूस, साखळी तेहतीस फुटांची म्हणून मंडळातला आकडाही तेहतीस. रविवारी तो चितेगावला मोजणीवर होता, दहा शेतकऱ्यांच्या अंगठ्यांसकट त्यानं ते दाखवलं.

"औट म्हंजी साडेतीन," बद्रीनाथनं तो शब्द काढताच तो बन्सीकडे बघून म्हणाला. "एवढं नाय ठावं तुला? औटकीचा पाढा नाय शिकला? औट एके औट, औट दुणे सात. लिवायचं कसं, तर तीन काढायचा आन् म्होरं दोन उभ्या रेघा. एक रेघ म्हंजी पाव, दोन म्हंजी अर्धा. खेड्यातल्या जुन्या मास्तरांची रीत हाय ती. शहरात उर्दूत शिकलेल्यांना नाय उमगत."

बन्सीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो शहरातच शिकला होता, आणि उर्दूतच.

"मंडळात एक औट हाय," सांडू पुढं म्हणाला. "लई हुशार. आमी समदे अडलो की औटची चिठ्ठी येनार. मागच्या रविवारी तात्या त्याचं नाव सांगनार व्हते. म्हनले, एवढ्या अकलेनं किती दिवस दडून ऱ्हायाचं? तेवढ्यात हे झालं."

बाहेर पडल्यावर बन्सी हळूच म्हणाला, "मला तर हा सांडूच औट वाटतो."

"त्याचा आकडा तेहतीस आहे, बन्सी. आत्ताच सांगितला त्यानं."

बन्सीनं सायकल काढली.

शेवटी फकिरा मास्तरांचं घर. हायस्कुलात गणित शिकवणारे, चाळिशीचे, इस्त्रीचा कोट. मंडळातल्या चिठ्ठ्या तपासायला तात्यासाहेब त्यांच्याकडेच देत. टेबलावर पुण्याचं एक मासिक उघडं ठेवलं होतं, आल्यागेल्याला दिसेल असं. त्यात मास्तरांच्या नावानं एका अवघड गणिताची कृती छापून आली होती. त्यावरच त्यांची पाठ्यपुस्तकांच्या समितीवर निवड झाली होती.

"प्रश्न क्रमांक तीनशे अकरा," बद्रीनाथनं मोठ्यानं वाचलं. "मंडळातलाच का?"

"हो. मंडळाचा उल्लेख करणं माझं कर्तव्य होतं."

"मागच्या रविवारी तुम्ही कुठं होता?"

"घरीच. प्रकृती बरी नव्हती. त्याच्या आधीच्या रविवारनंतर तो जिना मी चढलेलो नाही, आणि आता मला चढवणारही नाही." मास्तरांनी डोळे टिपले. "संध्याकाळी बातमी कळली."

बन्सीची नजर टीपकागदावर गेली. कोपऱ्यात पेन्सिलीनं तीन आकडे होते, उर्दूत. पहिला म्हणजे नुसत्या दोन उभ्या रेघा, अकरा. मग तेवीस. मग पस्तीस, आणि पस्तीसभोवती गोल. आपल्याला वाचता आलं याचंच त्याला बरं वाटलं आणि बाहेर आल्यावर त्यानं ते बद्रीनाथला सांगितलं.

बद्रीनाथ चालता चालता थांबला. "बन्सी, आज तू कामाचा माणूस निघालास," एवढंच म्हणाला. तेही हसून नाही.

रविवारी चारला बद्रीनाथनं सगळ्यांना माडीवर बोलावलं. फौजदार, फकिरा मास्तर, सांडू, जाहेदा. द्वारकाबाई माठ भरून दाराशी उभी होती. बाहेर आभाळ दाटलेलं, खोलीत दिवसाउजेडी दिसत नव्हतं धड. बद्रीनाथनं खडू घेतला आणि कबुतरांचा प्रश्न फळ्यावर लिहून काढला.

"तात्यासाहेबांचा हा शेवटचा प्रश्न," तो म्हणाला. "रविवारी तीनला लिहिला आणि चारच्या आत पुसला गेला. हबीबमियांनी पाहिला, ते तिथूनच तुरुंगात गेले. द्वारकाबाईनं पुसला, तिनं कुणाला सांगितला नाही. तिसऱ्या कुणी पाहिला असेल, तर ते त्या तासाभरात इथं आलेलं माणूस."

सगळे फळ्याकडे बघू लागले.

"आता उत्तर. दोनात एक उरतं, तीनात दोन, चारात तीन. म्हणजे दर वेळी शेवटचा गट पुरा व्हायला एकच कबुतर कमी पडतं. दोन, तीन, चार या तिघांनीही भाग जातो तो बारा, बारात एक कमी, अकरा. चोविसात एक कमी, तेवीस. छत्तिसात एक कमी, पस्तीस. यातल्या कुठल्याला पाचानं भाग जातो? पस्तीसला. अकरा, तेवीस, पस्तीस. मास्तर, हेच तीन आकडे तुमच्या टीपकागदावर कसे आले?"

फकिरा मास्तरांची बोटं कोटाच्या बटणाशी चाळा करत होती.

"पण हे त्यांना मारतील कशासाठी?" फौजदारानं विचारलं.

"त्या दोन रेघांसाठी. वहीत प्रश्न दोनशे चौऱ्याऐंशीच आहेत, मग मास्तरांनी तीनशे अकरावा आणला कुठून? कृती औटची होती. चिठ्ठीखाली औटनं आपला आकडा घातला होता, तीन आणि दोन रेघा. मास्तर लहानपणापासून उर्दूत शिकले. आजही एकटे असले की आकडे उर्दूतच मांडतात. दोन उभ्या रेघा म्हणजे त्यांना अकरा. औट हे नाव त्यांनी ऐकलेलं, ते असं लिहितात हे ठाऊक नव्हतं. त्यांनी वाचलं तीनशे अकरा, एवढा मोठा आकडा माणसाचा नसणार म्हणून त्यांना वाटलं हा प्रश्नाचा क्रमांक, आणि कृतीबरोबर तोही छापून टाकला. मास्तर, आकडा हबीबमियांचाही चुकायचा, तुमचाही चुकला. त्यांच्या चुकीला ओरडा आणि चहा. तुमच्या चुकीनं चोरी उघडी पडली. तात्यासाहेबांनी मूळ चिठ्ठी जपून ठेवली होती. ते औटचं नाव सांगणार होते, आणि त्याबरोबर तुमचंही."

"मी फक्त चिठ्ठी मागत होतो," फकिरा मास्तर शेवटी म्हणाले. "जिन्यात ओढाताण झाली. ते मागच्या मागं गेले."

"जिवंत होते?"

"कण्हत होते."

"मग?"

"मी घरी गेलो."

"आणि गणित सोडवलंत."

"फळ्यावरचा तो प्रश्न डोळ्यांपुढून हलेना," मास्तर म्हणाले आणि त्यांनी तोंड ओंजळीत लपवलं.

फौजदारानं मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. मग तो अडला. "पण तो शेवटचा शब्द? मारणाऱ्याचं नाव घ्यायचं सोडून साडेतीन कशाला म्हणाले?"

बद्रीनाथ दाराकडे वळला. त्याचा आवाज खाली आला.

"ते कुणाचं नाव सांगत नव्हते. हाक मारत होते. हबीबमियांच्या मागं बघत होते, तिथं त्या वेळी एकच माणूस उभं होतं. झाडलोटीच्या दिवशी नवं लुगडं नेसून आलेलं. कारण त्या दिवशी चार जणांत त्याचं नाव घेतलं जाणार होतं. द्वारकाबाई, तुझं उत्तर किती आलं?"

द्वारकाबाईनं माठावर झाकणी ठेवली. पदराला हात पुसले. मग ती फळ्याशी आली, खडू घेतला आणि प्रश्नाखाली पस्तीस लिहिलं. त्याच्या बाजूला तीन काढला आणि पुढं दोन उभ्या रेघा.

"माजा बाप शाळेच्या पडवीत झाडायचा," ती फळ्याकडेच तोंड करून म्हणाली. "मी भाईर बसून पाढे ऐकायचे. म्होरं फळे पुसता पुसता अक्षरं आली. तात्यासायबांनी एकदा खडूच्या तुकड्यानं फरशीवर हिशोब मांडताना धरलं मला. म्हनले, चिठ्ठी टाक, नाव कुनी इचारत नाय इथं."

"फौजदारानं आऊट लिहिलं, तेव्हा तुम्हाला कळत होतं," जाहेदा म्हणाली. "सात दिवस, बाई. सात दिवस माझे अब्बा तिथं खोकतायत."

"व्हय, कळत व्हतं. पर औट म्हंजी मीच, हे कसं सांगू? झाडूवाली गनित करती म्हनून हसतील लोक. कामावरनं काढतील. त्याचं भ्या वाटलं मला. एका मानसाचा जीव टांगनीला, आन् मला हसन्याचं भ्या."

फौजदारानं कागद काढला. हबीबला उद्या सकाळीच सोडतो म्हणाला. जाहेदा मटकन बाकावर बसली. सांडूनं टोपी काढून हातात धरली होती.

"आन् त्याहून वाईट सांगू का?" द्वारकाबाई बद्रीनाथकडे वळली. "मी घागर घिऊन दारात उभी. तात्यासायबांनी माज्याकडं बघून हाक मारली. औट. दोनदा मारली. म्होरं हबीबमिया बसलेले. त्यांना कळंल म्हनून मी गप ऱ्हायले. जनमभर कुनी त्या नावानं हाक मारली नव्हती मला. तात्यासायब वाट बघत व्हते, मी ओ दिली नाय."